आधी उडी, मग धाव

गेल्या अंकात मी इथल्या तपकिरी चीजवर लिहिलं होतं. खवा भाजताना त्यात गूळ पडावा आणि लक्ष नसल्यामुळे तो खाली लागावा, तशी चव, असं माझं वर्णन होतं. त्यावर सांगलीहून मावशीचा फोन आला, "अगं, मग गूळच खा की. मिळत नाही का तिथं?" तर मावशी, गूळ मिळतो. ऑस्लोत ग्रोनलांडच्या दुकानांत कोल्हापुरी नाही, पण बरा गूळ मिळतो. यंदा मात्र खाण्यावर लिहायचं नाही असं ठरवलंय. यंदा खेळ.

आमची धाकटी तेरा वर्षांची आहे आणि गेली पाच वर्षं ती 'कुंबिनेर्ट' खेळते. जगात याला नॉर्डिक कंबाइंड म्हणतात. आमच्या घरात त्याचं नाव 'उडीधाव'. पायाला लांब, रुंद स्की बांधून उंच घसरणीवरून सुटायचं, टोकाशी आलं की हवेत झेपावायचं आणि खालच्या बर्फाच्या उतारावर उतरायचं. हे झालं अर्धं. मग दुसऱ्या अरुंद स्की चढवायच्या, हातात काठ्या घ्यायच्या आणि जंगलातल्या चढउतारांवरून किलोमीटरच्या किलोमीटर पळायचं. माझी आई दोन वर्षांपूर्वी इथं आली होती तेव्हा नातीची पहिली उडी तिनं देवाचं नाव घेत पाहिली. मुलगी खाली नीट पोचली. आईनं डोळे पुसले आणि विचारलं, "पोचली ना खाली धड? मग आता परत पळवताय कशाला तिला?"

हा प्रश्न मला वाटतं या खेळाबद्दलचा सगळ्यात नेमका प्रश्न आहे. उडीला हलकं अंग लागतं, काटक, पक्ष्यासारखं. धावेला दमदार छाती आणि भरलेल्या मांड्या लागतात. एकासाठी कमवावं तर दुसरं हातचं जातं. नॉर्वेत जुन्या काळी ज्याला दोन्ही येतं तोच खरा स्कीवाला, अशी समजूत होती. होल्मेनकोलेनच्या टेकडीवर 1892पासून या स्पर्धा होतात आणि 1924च्या शामोनीतल्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून हा खेळ तिथं आहे. या देशाचा राजा ओलाव पाचवा युवराज असताना होल्मेनकोलेनवरून उडी मारत असे. आपल्याकडं छत्रपतींच्या घराण्यात कुस्तीचं जे वेड होतं, त्याच जातीचं हे.

मला स्वतःला मात्र उडीधाव आवडायला लागली ती वेगळ्या कारणानं. नुसती उडी खेळणाऱ्या मुलामुलींच्या घरी एक न बोललेली भीती असते, वजनाची. एक किलो कमी म्हणजे थोडं अधिक लांब जाता येतं, हे मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून जागतिक स्की महासंघानं नियम केला आहे की उंचीच्या मानानं वजन ठरावीक प्रमाणाखाली गेलं तर स्कीची लांबी कमी करावी लागते, म्हणजे हलकेपणाचा फायदा उरत नाही. नियम आहे तो आहे. पण गेल्या होळीला आमच्या लेकीनं दुसरी पुरणपोळी "नको" म्हणून सरकवली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी काही बोलले नाही. दोन दिवसांनी तिचा दहा किलोमीटरचा सराव होता. घरी आली ती थेट फ्रीज उघडून गारढोण पुरणपोळ्या उभ्यानंच खाल्ल्या, तीन. त्या दिवशी मी या 'धाव' नावाच्या गोष्टीला मनातल्या मनात हात जोडले.

आता सांघिक प्रकाराबद्दल, कारण मला खरं तर त्याबद्दलच सांगायचं आहे. एकेकट्याची स्पर्धा जुनी. सांघिक स्पर्धा जागतिक अजिंक्यपदात आली 1982 साली, इथंच ऑस्लोत, आणि सोनं पूर्व जर्मनीनं नेलं. ऑलिंपिकमध्ये ती आली 1988ला कॅल्गरीत. आधी तीन जणांचा संघ असे आणि प्रत्येकी दहा किलोमीटर. 1998पासून चार जण आणि प्रत्येकी पाच. चौघांनी आधी एकेक उडी मारायची. लांबीचे गुण, शिवाय पाच पंचांचे शैलीचे गुण. त्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडून देतात. उतरताना एक पाय पुढं, गुडघे वाकलेले, हात पसरलेले असं उतरलं तर गुण चांगले. लेझीम खेळताना एक पाय टाकून आपण वाकतो तसं. याला 'टेलेमार्क' म्हणतात, इथल्या एका जिल्ह्याच्या नावावरून.

चौघांच्या गुणांची बेरीज झाली की गंमत सुरू होते. गुणांचं रूपांतर वेळेत करतात. चौघांच्या स्पर्धेत एक गुण म्हणजे 1.33 सेकंद. पहिल्या संघापेक्षा तुम्ही 45 गुणांनी मागं असाल तर तो सुटल्यावर बरोबर एक मिनिटानं तुम्ही सुटायचं. ही पद्धत गुंडर गुंडरसन नावाच्या नॉर्वेजियन माणसाची. तिचा मोठा फायदा माझ्यासारख्या बायकांना, ज्यांना गणित नको असतं. पूर्वी धावही संपायची, उडीही संपायची आणि मग लोक तक्ते घेऊन बसायचे. आता शेवटच्या रेषेवर जो आधी पोचला तो जिंकला. सगळा हिशोब सुटण्याआधीच होऊन गेलेला असतो. पुढं नुसता पाठलाग.

आणि पाठलागात निरोप कसा द्यायचा, तर हातानं. एकजण धापा टाकत येतो, पुढच्याला हात लावतो आणि तो सुटतो. काठी नाही, पट्टा नाही. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मैदानावरच ओरडले, "खो!" मी शाळेत खो-खो खेळायचे. खो-खोत पळणं जेवढं कठीण त्याहून कठीण असतं ते चौकात दबा धरून बसणं, पाठीवर थाप पडायची वाट बघत. आमच्या सरांना पळणाऱ्याइतकीच बसणाऱ्याची काळजी असायची. इथंही तसंच. आपली पाळी येईपर्यंत पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर होत असतात, आणि डोळे वळणावर.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. कुंबिनेर्ट म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर अजूनही 1994चा लिलेहामरचा फेब्रुवारी येतो. नॉर्वेचं घरचं ऑलिंपिक, वैयक्तिक सोनं फ्रेड बोर्रे लुंडबर्गनं आधीच जिंकलेलं, सगळा देश रस्त्यावर. आणि सांघिक स्पर्धेत जपाननं उड्यांतच एवढी आघाडी घेतली की धाव सुरू होण्याआधीच संपली होती. कोनो, आबे आणि ओगिवारा. जपाननं नॉर्वेला जवळपास पाच मिनिटांनी हरवलं. नॉर्वेजियनांना. बर्फावर. नॉर्वेत. त्याआधी 1992लाही जपानच जिंकला होता आणि केंजी ओगिवारा हातात झेंडा फडकवत रेषेवर आला होता. गुपित काय, तर त्यांनी हवेत स्की समांतर न धरता पुढून फाकवून, इंग्रजी 'व्ही'सारख्या धरायची नवी तऱ्हा लवकर आणि मन लावून आत्मसात केली होती. ज्यांचा हा परंपरेचा खेळ, त्यांना परंपरा थोडी जड झाली असावी. मग 1998ला ऑलिंपिक जपानमध्ये, नागानोत. तिथं सोनं नॉर्वेनं आणलं आणि जपानला पदकही मिळालं नाही. हा भाग सांगताना आजोबा कॉफी ओततात. ओगिवारा आता त्याच नागानो शहराचे महापौर आहेत, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बरं आहे, म्हणजे आता उड्या मारत नसेल.

दुसरी गोष्ट अलीकडची, आमच्या लेकीच्या आवडीची. यार्ल मागनुस रीबर हा इतक्या वर्षांतला सगळ्यात मोठा खेळाडू. 2022ला बीजिंग ऑलिंपिकला गेला तो करोना होऊन विलगीकरणात अडकला. बाहेर आला, सरावाशिवाय उडी मारली आणि तीही पहिल्या क्रमांकाची. 44 सेकंदांची आघाडी घेऊन सुटला आणि पहिली फेरी संपताना शेवटच्या रेषेकडे जाणाऱ्या मार्गात वळला! चूक लक्षात येऊन परत फिरेपर्यंत आघाडी गेली, आणि मग अंगातला जोरही गेला. तो आठवा आला. दोन दिवसांनी सांघिक स्पर्धा होती, त्यात तो उतरलाच नाही. जगातला सर्वोत्तम माणूस बाहेर, आणि उरलेल्या चौघांनी सोनं जिंकलं. रीबर 2025च्या हंगामाअखेर निवृत्त झाला, पोटाच्या क्रोन्स आजारामुळे. लेकीनं त्याचं चित्र भिंतीवरून काढलेलं नाही. गणिताच्या परीक्षेत उत्तर चुकलं की म्हणते, "रीबर पण चुकीच्या गल्लीत गेला होता."

आता आमच्या टेकडीवर येते. इथले खेळाचे क्लब आईबापांच्या फुकट श्रमांवर चालतात. त्याला 'दुगनाद' म्हणतात. नवीन आलेल्यांना हा शब्द समजावताना लोक फार कष्ट घेतात. मला एका वाक्यात समजला: इर्जिक. माझ्या आजोळी पेरणीला, मळणीला गाव एकमेकांच्या शेतात राबायचं आणि संध्याकाळी जेवण असायचं. इथं जेवण म्हणजे वाफल आणि उकडलेला सॉसेज, बाकी तेच. चार वर्षं मी वाफल भाजले. ते काम मी मागून घेतलं होतं, कारण तंबूत पाठ टेकडीकडं असते. मी लेकीची एकही उडी डोळे उघडे ठेवून पाहिलेली नव्हती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

2025च्या मार्चमध्ये, ट्रोनहाइमला जागतिक अजिंक्यपद संपून थोडे दिवस झाले होते, तेव्हा आमच्या क्लबात चौघांच्या संघांची स्पर्धा ठेवली. दोन मुली, दोन मुलगे, एकेक उडी आणि प्रत्येकी अडीच किलोमीटर. इथं अकरा वर्षांच्या आतल्या मुलांचे क्रमांक लावायला बंदी आहे, सगळ्यांना सारखं बक्षीस. आपल्या पालकांना हे पचायला दोन हिवाळे लागतात. मी स्वतः पहिल्या वर्षी प्रशिक्षकाला बाजूला घेऊन "तसं नाही, पण खरा कितवा?" असं विचारलेलं आहे. तेराव्या वर्षी मात्र क्रमांक लागतात.

सकाळी कामांची यादी पाहिली. वाफलला दुसरंच कुणी. माझ्या नावापुढं लिहिलं होतं: लांबी मोजणे.

मोठ्या स्पर्धांत उडीची लांबी कॅमेऱ्यानं मोजतात. आमच्या चाळीस मीटरच्या टेकडीवर माणसं मोजतात, डोळ्यांनी. उतारणीच्या कडेला मीटरच्या पाट्या असतात आणि प्रत्येकाला थोडासा टप्पा वाटून दिलेला असतो. आपल्या टप्प्यात कुणी उतरलं की त्याच्या दोन पायांच्या मधली जागा बघायची, हात वर करायचा आणि आकडा ओरडायचा. अर्ध्या मीटरपर्यंत. माझा टप्पा 30 ते 35. डोळे मिटून हे काम होत नाही, हे उघड आहे.

पहिली दहा-बारा पोरं माझ्या डोक्यावरून पुढं गेली. खालून पाहिलं की उडी शांत असते. आधी वर कुठंतरी स्कीचा खरखराट, मग काहीच नाही, मग कापडाचा फडफड आवाज, मग थप्प. मधलं 'काहीच नाही' फार लांब वाटतं. आमच्या संघातला पहिला मुलगा 38 मीटर गेला. मग ती. मी तिला हेल्मेटवरून ओळखलं. सुटताना थोडी उशिरा उठली असं मला वाटलं, पण मला काय कळतंय. मागून वारा होता. पुढून वारा असेल तर तो अंगाखाली येऊन उचलतो, मागून असेल तर खाली दाबतो. ती खाली येऊ लागली, सरळ माझ्या टप्प्याकडं. दोन्ही पाय जवळजवळ एकदम टेकले, टेलेमार्क नाहीच, हात हलले, सावरली आणि निघून गेली.

हात वर गेला. आकडा तोंडात येईना. 32 की साडेबत्तीस? पाय टेकले ते दोन खुणांच्या मध्ये, आणि त्यांच्या मधली जागा मी पाहिली होती, पण मी आईसुद्धा होते. वरच्या टप्प्यातल्या बाई माझ्याकडं बघत होत्या. मी ओरडले, "बत्तीस!" आणि तो आकडा कागदावर गेला. लहान टेकडीवर एका मीटरला तीनहून जास्त गुण असतात. अर्धा मीटर म्हणजे दीड-एक गुण, म्हणजे दोन सेकंद.

आमचा संघ 1 मिनिट 12 सेकंद मागं सुटला, सहांतला पाचवा. लेक दुसऱ्या टप्प्याला होती. उडीनंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मैत्रिणीच्या बाबांनी सगळ्यांच्या स्कीला घासून मेण लावून ठेवलं होतं. ते एक निराळं शास्त्र आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. खो मिळाल्यावर ती जी सुटली ती मी यंदा पहिल्यांदा नीट पाहिली. चढावर तिनं एकाला गाठलं. इथं स्केटिंगसारखे पाय फाकवून ढकलत जातात, आणि चढावर खरी परीक्षा असते. ती चढ चढताना तोंड उघडं, नाकाला शेंबूड, कपाळावर बटा गोठलेल्या. ती सुंदर दिसत होती. माझ्या तोंडून आमच्या शाळेच्या मैदानावरचं जे जे होतं ते सगळं बाहेर पडलं, अस्सल सांगलीचं. आजूबाजूचे नॉर्वेजियन आईबाप शांतपणे "हाय्या, हाय्या" करत होते. ते गप्प झाले आणि बघत राहिले.

आम्ही चौथे आलो. तिसऱ्या संघापेक्षा साडेतीन सेकंद मागं. म्हणजे माझ्या अर्ध्या मीटरनं काही झालं नसतं. हा हिशोब मी घरी येऊन तीनदा केला, पैकी एकदा कॅल्क्युलेटरवर.

पण गाडीत बसल्यावर तेवढाही हिशोब केलेला नव्हता. मी गाडी चालवत होते, ती मागं पाय पसरून, कोरडे मोजे घालून बसली होती. मी म्हटलं, "तुझी उडी मी मोजली."

"माहीत आहे. तुझा आवाज सगळ्या टेकडीनं ऐकला."

"बत्तीस म्हटलं मी."

ती थोडा वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "साडेएकतीस होती, आई. मला पायाला कळतं."

एक गोष्ट राहिली, आणि ती मला गेली तीन वर्षं टोचते आहे. 2026च्या फेब्रुवारीत इटलीत हिवाळी ऑलिंपिक झालं. त्यात हिवाळ्यातल्या प्रत्येक खेळाला मुली होत्या, फक्त एक सोडून. नॉर्डिक कंबाइंडमध्ये पुरुष होते, स्त्रिया नव्हत्या. जून 2022मध्ये ऑलिंपिक समितीनं तसं ठरवलं. कारण दिलं की खेळ फार थोड्या देशांत आहे. ते पुरुषांच्या बाबतीतही खरं आहे: 2022पर्यंतच्या तीन ऑलिंपिकमधली सगळी, म्हणजे 27 पदकं नॉर्वे, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि जपान या चौघांतच वाटली गेली. पण ते खेळले. या ऑलिंपिकनंतर पुरुषांचा खेळ ठेवायचा की नाही यावरही विचार व्हायचा होता. चौघांची स्पर्धाही त्यात नव्हती, तिच्या जागी दोघांची. बाकी जगात मुली मागं राहिलेल्या नाहीत. त्यांचा विश्वचषक 2020च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला आणि पहिली स्पर्धा अमेरिकेच्या टारा जेराटी-मोट्सनं जिंकली. 2021ला त्यांचं पहिलं जागतिक अजिंक्यपद झालं आणि तिन्ही पदकं नॉर्वेच्या मुलींनी घेतली, सोनं यूदा वेस्तवोल हान्सेननं. 2023पासून अजिंक्यपदात दोन मुली, दोन मुलगे असा मिश्र संघही खेळतो, अगदी आमच्या टेकडीवर खेळले तसा. अमेरिकेत अॅनिका मालासिन्स्की हीच स्पर्धा खेळते आणि तिचा भाऊ निक्लासही. 2026च्या ऑलिंपिकचं दार त्याला उघडं होतं, तिला नव्हतं. तिनं याबद्दल जाहीरपणे आवाज उठवला आहे.

मी हे जेवताना तावातावानं सांगत होते. आमचा मोठाही दोन वर्षं हाच खेळ खेळला आणि मग कंटाळून सोडून दिला. मी त्याच्याकडं बोट दाखवून म्हटलं, याला चालतं आणि हिला चालत नाही, हे काय आहे? तो म्हणाला, "मला कशाला मध्ये घेतेस, मी तर बुद्धिबळ खेळतो." लेक आमटी ओरपत होती. म्हणाली, "आई, मी काय ऑलिंपिकला जाणार आहे का?"

नसेल जाणार. पण 'जाणार नाही' हे तिनं तिच्या पायांना विचारून ठरवावं, असं मला वाटतं. त्या पायांना अर्धा मीटर कळतो.

परवा क्लबातून नव्या हंगामाच्या कामांची यादी आली. नोव्हेंबरात पहिला दुगनाद, टेकडीवरची पानं झाडायची आणि पाट्या पुन्हा ठोकायच्या. वाफल आणि लांबी, दोन्हीपुढं जागा रिकामी होती. मी लांबीपुढं नाव घातलं. टप्पा मात्र 35 ते 40 मागितला आहे.